‘टेल्स ऑफ टेरर’ : एका भयपटातील दोन हशे

एडगर ॲलन पो यांच्या कथांवर रॉजर कॉर्मन यांनी १९६० ते १९६४ या काळात जे चित्रपट काढले, त्यांत १९६२ चा ‘टेल्स ऑफ टेरर’ हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला नसला, तरी सर्वांत अधिक गैरसमजाचा धनी झालेला चित्रपट होय. एकाच चित्रपटात तीन स्वतंत्र कथा, त्यांतील पहिली व तिसरी भयाची आणि मधली उघड विनोदाची, अशी त्याची रचना आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या परीक्षणाने त्याची कंटाळवाणा आणि सवंग अशी संभावना केली. उलट, मधली कथा पाहून संतुष्ट झालेला मोठा प्रेक्षकवर्ग त्याला लाभला आणि पुढील काळातील बहुतेक अभ्यासकांनीही याच कथेला उजवा कौल दिला. एकाच कृतीविषयी असा दुभंगलेला अभिप्राय का निर्माण व्हावा, याचा विचार येथे करावयाचा आहे. ‘अभिरुची भिन्न असते’ हे उत्तर सोपे असले तरी फारसे उपयोगी नाही.

प्रथम निर्मितीची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे हॉलिवुडच्या बड्या संस्थांना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली आणि लहान स्वतंत्र निर्मात्यांना बाजारात जागा मिळाली. जेम्स निकल्सन व सॅम्युअल आर्कॉफ यांनी १९५४ मध्ये सुरू केलेली आणि पुढे ‘अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स’ या नावाने ओळखली गेलेली संस्था याच जागेत वाढली. मोटारीत बसून चित्रपट पाहणारा तरुण प्रेक्षक हे तिचे गिऱ्हाईक आणि एका तिकिटात दोन स्वस्त कृष्णधवल चित्रपट हा तिचा माल. दोन चित्रपटांचा पैसा एकत्र करून एकच रंगीत चित्रपट काढावा, असे कॉर्मन यांनी सुचविले आणि त्यातून ‘हाउस ऑफ अशर’ (१९६०) निघाला. त्याचे चित्रीकरण अवघ्या पंधरा दिवसांत उरकले होते. पो १८४९ मध्येच वारलेले असल्याने मानधनाचा प्रश्नच नव्हता. कला-दिग्दर्शक डॅनियल हॅलर एका चित्रपटाचे नेपथ्य दुसऱ्यात फिरवून वापरीत, आणि ‘अशर’साठी चित्रित केलेला अग्निप्रलय पुढच्या पो-चित्रपटांतही पुन्हा पेटलेला दिसतो. काटकसरीची ही कला पाहून कोणत्याही नाटकमंडळीच्या व्यवस्थापकाने माना डोलवाव्यात.

तीन कथांची मालिका हा प्रकार मात्र कॉर्मन यांचा शोध नव्हे. रिचर्ड ओस्वाल्ड यांच्या १९१९ च्या जर्मन चित्रपटात पाच भयकथा होत्या. त्यांत पो यांची ‘ब्लॅक कॅट’ होती आणि शेवटची कथा विनोदी होती. १९४५ चा इंग्रजी ‘डेड ऑफ नाइट’ही अशाच कथांचा गोफ असून त्यात गॉल्फच्या खेळावरील एक हलकीफुलकी भूतकथा आहे. अमेरिकेत हा चित्रपट प्रदर्शित करताना वितरकांनी ज्या दोन कथा कापल्या, त्यांत ही विनोदी कथा होती. याच्या नेमके उलट उदाहरण आपल्याकडचे आहे. सत्यजित राय यांच्या ‘तीन कन्या’ (१९६१) या रवींद्रनाथांच्या कथांवरील चित्रपटात ‘मणिहारा’ ही भूतकथा मध्यभागी आहे, आणि परदेशी तो ‘दोन कन्या’ होऊन गेला तेव्हा नेमकी तीच वगळली गेली. कारणे भिन्न असतील. पण मालिकेतील विजातीय रस हा कात्रीला सर्वांत जवळचा असतो, एवढे यावरून दिसते.

हा विजातीयपणा आपल्या शास्त्रकारांना अपरिचित नव्हता. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांचे परस्परविरोध सांगताना हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण यांचा स्पष्ट निर्देश केला आहे. परंतु विश्वनाथाच्या पूर्वी सुमारे पाच शतके आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात विरोधपरिहाराचे मार्ग दाखवून ठेवले होते. त्यांतील दोन येथे कामाचे आहेत. विरोधी रसांचे आश्रय वेगळे ठेवावेत, म्हणजे नायकाच्या ठिकाणी वीर व प्रतिपक्षाच्या ठिकाणी भय असावे. किंवा दोहोंच्या मध्ये तिसरा रस घालावा, जसा ‘नागानंदा’त शांत व शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो. कथामालिकेचा चित्रपट या दुसऱ्या मार्गासाठीच जणू घडविलेला आहे, असे वाटेल. पण एक कथा संपून दुसरी सुरू होणे म्हणजे रसांतराचे व्यवधान नव्हे. ते नुसते विरामचिन्ह होय. ‘टेल्स ऑफ टेरर’ला या विरामाचा फारसा लाभ झाला नाही. लाभ झाला तो पहिल्या मार्गाचा, आणि तोही केवळ मधल्या कथेत.

पटकथाकार रिचर्ड मॅथेसन यांनी या कथेत पो यांच्या ‘ब्लॅक कॅट’ (१८४३) आणि ‘कास्क ऑफ अमाँतिलादो’ (१८४६) या दोन कथा एकत्र विणल्या आहेत. पीटर लॉरी यांचा माँत्रेसर हा दारुडा नवरा, जॉइस जेमसन यांची ॲनाबेल ही त्याची गांजलेली पत्नी आणि व्हिन्सेंट प्राइस यांचा फॉर्च्युनाटो हा नामांकित मद्यपरीक्षक. या दोघांची मद्य ओळखण्याची स्पर्धा हा चित्रपटाचा उत्कर्षबिंदू आहे. प्राइस नाक, ओठ, गाल, डोळे या सर्वांना कामाला लावून एका घोटाचा विधी करतात. लॉरी पेला घशाखाली ओततात आणि तितकेच अचूक नाव सांगतात. पुढे भिंत बांधली जाऊ लागते तेव्हा भय फॉर्च्युनाटोच्या वाट्याला जाते आणि हास्य बांधणाऱ्या दारुड्याकडे राहते. आश्रय भिन्न आहेत, म्हणून दोन्ही रस टिकतात.

हा विनोद पो यांच्यावर लादला आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी मूळ कथा पुन्हा वाचावी. ‘अमाँतिलादो’तील बळी विदूषकाचा रंगीबेरंगी पोशाख आणि घुंगरांची टोपी घालूनच मरणाच्या तळघरात उतरतो. तो ‘मेसन’ या गुप्त बंधुसंघाची खूण करतो, आणि मारेकरी उत्तरादाखल झग्यातून गवंड्याची थापी काढून दाखवितो. कारण इंग्रजीत त्या शब्दाचा मूळ अर्थ गवंडी. हा श्लेष वाचक हसतो त्याच क्षणी भिंतीची पूर्वसूचना होतो. पो यांच्या १८४० च्या दोन खंडांच्या संग्रहातील पंचवीस कथांपैकी अनेक उपहासपर आहेत. गंभीर, काळोख्या पोंची जी मूर्ती परीक्षकांच्या मनात होती, ती पो यांनी स्वतः घडविलेली नव्हती.

भाषेच्या अभ्यासकाला यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. या चित्रपटासाठी निवडलेल्या कथांचे मर्म शब्दांत आहे. ‘अमाँतिलादो’तील श्लेष वर आलाच. ‘मोरेला’ (१८३५) या कथेत मुलीला वर्षानुवर्षे नावच दिलेले नसते. बाप्तिस्म्याच्या वेळी बापाच्या तोंडून मृत आईचे नाव निघते आणि मुलगी त्या नावाला ओ देते. सारे भय त्या एका नामकरणात साठलेले आहे. चित्रपटात मुलीचे नाव लेनोरा असे आधीच ठेवून टाकले आहे! मग उरते ते बिछान्यावर जपलेले शुष्क प्रेत, आत्म्यांची अदलाबदल आणि शेवटी ती आग. ‘व्हाल्देमार’ (१८४५) या कथेत संमोहित केलेला मृत मनुष्य आपण मेलो असल्याचे सांगतो. प्रथम पुरुषात, वर्तमान अवस्थेविषयी, खरे म्हणून कधीही उच्चारता न येणारे हे विधान. रोलाँ बार्थ यांनी १९७३ मध्ये या कथेचे जे विश्लेषण केले, त्याचा रोखही याच वाक्यावर आहे. मराठीत मात्र ‘मेलो!’ हे आपण दिवसातून चार वेळा म्हणतो आणि कोणी दचकत नाही. ‘भयंकर विनोदी’ या शब्दप्रयोगातील भयही असेच निघून गेलेले असते. विधानाची अशक्यता हा भयाचा उगम असेल, तर ती अशक्यता जपणे हे रूपांतरकाराचे काम. वितळणाऱ्या चेहऱ्याने ते भागत नाही, मग बेसिल रॅथबोन कितीही शर्थ करोत.

यातून अभिप्रायाच्या दुभंगाचा उलगडा होतो. ‘नाट्यशास्त्रा’वरील टीकेत अभिनवगुप्ताने म्हटले आहे की, अनौचित्यामुळे कोणत्याही रसाचा आभास झाला म्हणजे तो हास्याचे कारण होतो. फसलेले भय हसवितेच. ‘मोरेला’ पाहताना प्रेक्षागृहात जो हशा पिकू शकतो तो हा आभासातला. ‘ब्लॅक कॅट’मधला हशा योजून आणलेला. मोठ्या खर्चाच्या चित्रपटात या दोहोंची गल्लत सहसा होत नाही, कारण तेथे भयाचा देखावा तरी सुबक असतो. स्वस्त चित्रपटात पडद्यामागची लाकडी चौकट प्रेक्षकाला सतत जाणवत असते. ज्या परीक्षकाने पहिल्या कथेत चित्रपटाला हसायला सुरुवात केली, त्याला दुसऱ्या कथेत चित्रपट आपल्याबरोबर हसतो आहे हे उमगत नाही. तो दोन्ही हशे दोषाच्या खात्यात मांडतो. ज्या प्रेक्षकाला लॉरी यांचा विनोद भावला, तो मागे जाऊन ‘मोरेला’लाही थट्टा समजतो आणि तिच्यातील दोष माफ करतो. दोघांचीही चूक एकच आहे. कथांचा क्रम बदलून मधली कथा आरंभी आली असती तर हा घोटाळा कमी झाला असता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र त्यामुळे ‘मोरेला’ सुधारली नसती.

निर्मात्यांनी या अनुभवातून व्यवहारी बोध घेतला. कॉर्मन व मॅथेसन यांचा ‘द रेव्हन’ (१९६३) हा आरंभापासून अखेरपर्यंत विनोदीच आहे आणि त्यात प्राइस व लॉरी यांच्या जोडीला बोरिस कार्लोफ आहेत. पो यांच्या कवितेचा संबंध नावापुरताच. ‘द कॉमेडी ऑफ टेरर्स’ हा याच संस्थेचा, पण जाक तुर्नर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपटही त्याच वळणाचा. कथामालिकेचा प्रकार इंग्लंडमधील ‘ॲमिकस’ या संस्थेने १९६५ च्या ‘डॉक्टर टेरर्स हाउस ऑफ हॉरर्स’पासून उचलला व अनेक वर्षे चालविला. कॉर्मन स्वतः मात्र १९६४ मध्ये गंभीर भयाकडे परतले. इंग्लंडमध्ये चित्रित केलेल्या त्यांच्या ‘मास्क ऑफ द रेड डेथ’मध्ये पो यांचीच ‘हॉप-फ्रॉग’ ही कथा उपकथानक म्हणून जोडलेली आहे. तीत एक ठेंगू विदूषक मेजवानीची गंमत म्हणून आपल्या वैऱ्याला वानराचा वेश चढवितो आणि दरबाऱ्यांदेखत त्याला पेटवून देतो.