समुद्राची नाडी आणि कापडाची बादली

तापाच्या रोग्याची नाडी वैद्य पाहतो. समुद्राची नाडी कोणी पाहिली, आणि केव्हापासून? विषय दूरचा वाटेल. पण आपला पाऊस समुद्रावरूनच येतो. तेव्हा समुद्राचा ताप हा शेवटी आपल्या शेताचाच प्रश्न आहे.

१७७५ साली बेंजामिन फ्रँकलिन इंग्लंडहून अमेरिकेस परतत होता. वाटेत तो थर्मामीटर पाण्यात सोडून अटलांटिकमधील उष्ण प्रवाहाचे तापमान टिपत गेला. पुढे अमेरिकन नौदलातील मॅथ्यू मॉरी याने जहाजांच्या नोंदवह्या गोळा करण्याचा ध्यास घेतला. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला परिषद भरली आणि निरनिराळ्या देशांच्या जहाजांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवाव्यात, असे ठरले.

पद्धत साधी. दोरीला बादली बांधायची, पाणी वर ओढायचे, त्यात थर्मामीटर बुडवायचा. पण पुष्कळ बादल्या कॅनव्हासच्या असत. आता बघा, बैलगाडीला टांगलेल्या छागलीतलं पाणी गार का होतं? ओल्या कापडावरून वारा वाहतो, पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. जहाजावरही तेच घडत होते. समुद्र होता त्याहून किंचित थंड नोंदला जाई.

दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावणे म्हणजे शत्रूला बोलावणे! म्हणून अनेक जहाजांनी इंजिनात घेतल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान नोंदले. ते थोडे अधिक येई. १९४५ नंतर ब्रिटिश जहाजांच्या बादलीच्या नोंदी पुन्हा वाढल्या, आणि आलेखात तापमान एकदम सुमारे ०.३ अंशाने घसरलेले दिसले. समुद्र थंड झाला नव्हता. मोजण्याची रीत बदलली होती. हे कोडे २००८ साली नीट उलगडले.

कोणी म्हणेल, "मग या आकड्यांवर विश्वास तो काय ठेवायचा?" शंका रास्त आहे. पण चूक कळली म्हणजे दुरुस्तीही करता येते. बादलीच्या जुन्या नोंदी थोड्या वर सरकवल्या, त्यामुळे एकूण तापमानवाढ फुगली नाही. उलट काहीशी कमीच दिसू लागली. तरीही वाढ उरलीच. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात समुद्राचा पृष्ठभाग सुमारे ०.९ अंश सेल्सिअसने अधिक उष्ण होता.

मग हे निसर्गाचे काम की माणसाचे? निसर्गाचा हात आहेच. १८७७-७८ मध्ये पॅसिफिक महासागरात प्रबळ एल निनो होता. त्याच सुमारास आपल्या दख्खनेत भीषण दुष्काळ होता. १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचे प्रमुखपद स्वीकारणारे गिल्बर्ट वॉकर मान्सूनचे भाकीत शोधता शोधता पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील वायुभाराच्या झोक्यापर्यंत पोचले. ज्वालामुखीचेही तसेच. १९९१ साली फिलिपाइन्समधील पिनाटुबोचा उद्रेक झाला आणि पृथ्वी वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली.

परंतु हे पाहुणे येतात आणि जातात. मुक्काम ठोकला आहे तो दुसऱ्याच गोष्टीने. १९५८ साली चार्ल्स कीलिंग याने हवाई बेटावर हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला आरंभ केला. तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या वर गेला आहे. तो कोळसा आणि तेल जाळून वाढला. त्याने अडवलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. सूर्यच तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता; तो मात्र थंड होत आहे. हा पुरावा माणसाकडेच बोट दाखवतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. एका पत्र्याच्या आणि एका कापडी बादलीत एकाच विहिरीचे पाणी घ्या, वाऱ्यात ठेवा, दर पाच मिनिटांनी थर्मामीटर वाचा आणि आकडे फळ्यावर लिहा. आकड्यावर आंधळा विश्वास नको आणि आंधळा अविश्वासही नको, हा धडा मुलांना त्या दोन बादल्या शिकवतील.