गंगा-जमुना वस्ती (नागपूर) आणि पोलीस छाप्याविषयीचा कायदा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

नागपुरातील इतवारी परिसरातील गंगा-जमुना ही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची जुनी वस्ती होय. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी या वस्तीचे रस्ते अडथळे उभारून बंद केले व तेथील व्यवसायास मनाई केली. कोरोनाच्या साथीने आधीच उत्पन्न बुडालेल्या स्त्रियांपुढे निवाऱ्याचा व उदरनिर्वाहाचा प्रश्न उभा राहिला. पोलीस दारात येतात तेव्हा या स्त्रीस कायदा कोणते संरक्षण देतो, ते कसे घडत गेले आणि नागपुरात ते अपुरे का ठरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची जडणघडण

ब्रिटिश राजवटीत १८६८ च्या सांसर्गिक रोग अधिनियमाने या स्त्रियांची नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू केली. सैनिकांचे आरोग्य हा त्यामागील प्रमुख हेतू होता. स्त्रीच्या सुरक्षिततेस त्यात स्थान नव्हते. हा कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर भारताने १९५० च्या आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केली व त्यास अनुसरून १९५६ चा अधिनियम संमत झाला. कुंटणखाना चालविणे, स्त्रीच्या कमाईवर जगणे, तिला या व्यवसायात आणणे हे अपराध ठरले. देहविक्रय हा स्वतः अपराध ठरला नाही. मात्र सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलाविणे (कलम ८) आणि शाळा, रुग्णालय, प्रार्थनास्थळ यांच्या परिसरात व्यवसाय करणे (कलम ७) यांबद्दल ती स्त्रीच शिक्षेस पात्र ठरते. एकच कायदा तिला पीडित मानतो आणि उपद्रवकारकही मानतो.

छाप्याची कार्यपद्धती

कलम १५ नुसार विशेष पोलीस अधिकाऱ्यास वॉरंटाविना झडती घेता येते. परंतु त्याची कारणे आधी लेखी नोंदवावी लागतात. परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावे लागतात व त्यांपैकी एक स्त्री असावी लागते. १९८६ च्या दुरुस्तीने झडतीच्या वेळी किमान दोन महिला पोलिसांची उपस्थिती बंधनकारक केली. झडतीत ताब्यात घेतलेल्या व्यक्तीस विनाविलंब दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते.

न्यायालयांची भूमिका

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालाड येथील छाप्यात ताब्यात घेतलेल्या तीन प्रौढ स्त्रियांची सुटका करताना, देहविक्रय हा स्वतः अपराध नाही व प्रौढ स्त्रीस आपला व्यवसाय निवडण्याचा अधिकार आहे, असे नमूद केले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कोलकात्यातील एका स्त्रीच्या हत्येच्या अपिलातून हा विषय स्वतःहून हाती घेतला व समिती नेमली. १९ मे २०२२ च्या आदेशाने पोलिसांनी या स्त्रियांना सन्मानाने वागवावे, निरोधाचा पुरावा म्हणून वापर करू नये, संरक्षणगृहात इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांना मुक्त करावे, अशा शिफारशी राज्यांवर बंधनकारक झाल्या. छाप्यात स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या स्त्रीस अटक करू नये, ही शिफारस मात्र केंद्र सरकारने हरकत घेतलेल्या शिफारशींपैकी होती. त्यामुळे बंधनकारक शिफारशींत तिचा समावेश झाला नाही. वृत्तपत्रांतून अनेकदा याउलट समज पसरलेला दिसतो.

नागपूरचा अनुभव

गंगा-जमुना प्रकरणी पोलिसांनी मुख्यतः कलम ७ चा, म्हणजे शाळा व प्रार्थनास्थळांपासून २०० मीटर अंतराचा, आधार घेतला. येथेच कायद्यातील उणीव स्पष्ट होते. पंच, महिला पोलीस, लेखी कारणे ही सारी संरक्षणे घराच्या उंबरठ्यावर लागू होतात. अडथळे रस्त्याच्या तोंडाशी उभे राहतात. वस्तीच बंद झाली की कोणाच्याही घराची झडती न होता प्रत्येकीचा व्यवसाय व निवारा धोक्यात येतो, आणि तिची वैयक्तिक बाजू ऐकून घेण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. अल्पवयीन मुलींची सुटका हे पोलिसांचे निर्विवाद कर्तव्य होय. परंतु सरसकट बंदीत बालिका व प्रौढ स्त्री हा भेद लोपतो.

निष्कर्ष

दीड शतकात कायद्याचा भर आरोग्याकडून नीतीकडे व नीतीकडून स्त्रीच्या हक्काकडे सरकला. तथापि हा प्रवास कलम १५ पुरताच मर्यादित राहिला. कलम ७ अन्वये वस्तीवर कारवाई करण्यापूर्वी तेथील स्त्रियांचे म्हणणे ऐकणे व पर्यायी निवाऱ्याची तरतूद करणे सक्तीचे झाल्याखेरीज छाप्याविषयीची संरक्षणे अपूर्णच राहतील.