आगगाडीच्या उदाहरणाचा पूर्वेतिहास

आपल्या शाळेच्या फळ्यावर गेल्या साठ वर्षांत सर्वांत जास्त वेळा धावलेली गाडी बहुधा नागपूर-भोपाळ हीच असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. त्यांच्या मुलांसाठी उदाहरण रचायचे तर शिक्षकांना दुसरा मार्ग कुठून सुचणार? ‘नागपूरहून सकाळी ६ वाजता एक गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने भोपाळकडे निघाली. भोपाळहून ८ वाजता दुसरी गाडी ताशी ७५ किलोमीटर वेगाने नागपूरकडे निघाली. अंतर ३९० किलोमीटर असल्यास त्या केव्हा व कोठे भेटतील?’ हे वाचताच अनेक माजी विद्यार्थ्यांच्या पोटात आजही गोळा येईल, याची मला खात्री आहे.

असली उदाहरणे रेल्वेबरोबर विलायतेहून आली, असा माझाही पुष्कळ वर्षे समज होता. रेल्वे आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे. परंतु दोन गतिमान वस्तू केव्हा भेटतील, हा प्रश्न आपल्याकडे त्यापूर्वी साडेतेरा शतके लिखित स्वरूपात होता. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’च्या गणितपादात आर्यभटांनी त्याचा नियम दिला आहे. वस्तू समोरासमोर येत असतील तर मधल्या अंतराला वेगांच्या बेरजेने भागावे. एकाच दिशेने जात असतील तर वजाबाकीने भागावे. येणारे उत्तर हा भेटीचा काळ.

आर्यभटांना गाड्यांची चिंता नव्हती, ग्रहांची होती. चंद्र रोज सरासरी १३ अंश ११ कला चालतो आणि सूर्य सुमारे ५९ कला. दोघांची दिशा एकच, म्हणून वजाबाकी करायची. ती येते सुमारे १२ अंश १२ कला. वर्तुळाच्या ३६० अंशांना तिने भागले की साडेएकोणतीस दिवस मिळतात. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा काळ तो हाच. घरातल्या खिळ्याला टांगलेले पंचांग म्हणजे याच उदाहरणाचे बारमाही उत्तर होय. वर्गात ते सोडवताना मात्र हे कोणी सांगत नाही. मीही निवृत्तीच्या जवळ येईपर्यंत सांगितले नव्हते.

नियम पाठ असला की उत्तर येते. तो कोठून आला हे कळतेच असे नाही. इथे भास्कराचार्यांकडे वळावे लागते. सन ११५० च्या ‘लीलावती’तील मोर आणि साप यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. बिळापासून २७ हातांवर साप दिसताच मोर तिरका झेपावतो. दोघे सारखेच अंतर कापून भेटतात, तर ती जागा बिळापासून किती हातांवर? भास्कराचार्यांची रीत अशी, की उंचीच्या वर्गाला अंतराने भागावे, भागाकार अंतरातून वजा करावा आणि उरलेल्याचे निम्मे करावे. ८१ भागिले २७ म्हणजे ३, २७ वजा ३ म्हणजे २४, निम्मे १२. उत्तर बारा हात.

पण निम्मे का? ते बीजगणित सांगते. अव्यक्त संख्येला आपले पूर्वज ‘यावत्तावत्’ म्हणत आणि तिचे आद्याक्षर ‘या’ लिहीत. अव्यक्ते अनेक असली तर पुढे कालक, नीलक, पीतक असे रंग येत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. (जुन्या मराठी पुस्तकांत ‘क्ष मानू’ असे असे. आता x आले आहे. मला व्यक्तिशः क्षची सवय आहे, पण ‘या’ पुन्हा आला तरी तक्रार करणार नाही.) बिळापासूनचे अंतर ‘या’ मानले तर साप २७ वजा या इतके हात सरपटला. मोराची झेप हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणून तिचा वर्ग ८१ अधिक या-वर्ग. दोन्ही मार्ग सारखे म्हणून वर्गही सारखे. दोन्ही बाजूंचे या-वर्ग उडतात, ५४ या बरोबर ६४८ उरतात आणि या बारा येतो. साप १५ हात आला आणि मोराची झेपही १५ हातांची. ५४ हे २७ चे दुप्पट. रीतीतले ‘निम्मे’ इथून येते. उदाहरणात वेळेचा उल्लेखच नाही, हीही गंमत पाहावी. दोघांचा वेग समान धरला की समान काळात अंतरही समान, म्हणून काळ न बोलता समीकरणात बसला आहे.

या विद्येचा एक धागा आपल्या अगदी शेजारून गेला आहे. भोपाळपासून चाळीसएक किलोमीटरांवरच्या सीहोरला एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा पोलिटिकल एजंट राहत असे. त्या पदावरील लॅन्सलॉट विल्किन्सन यांना भारतीय ज्योतिषाची मोठी आस्था होती. नागपुरात ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ शिकलेल्या एका मराठी तरुणाला त्यांनी सीहोरला आणून पुढे शिकवले. तो तरुण म्हणजे १८२१ साली जन्मलेले बापूदेवशास्त्री. पुढे ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले, ‘सिद्धान्तशिरोमणी’चे संपादन केले आणि हिंदीतून बीजगणिताचे पुस्तक लिहिले. नागपूर सोडून या भागात आलेल्या मराठी घरांत गणित काही १९५६ नंतरच आले असे नाही.

रेल्वेने या उदाहरणात एक नवी गोष्ट घातली, ती म्हणजे घड्याळ. ‘६ वाजता’ म्हणजे कोणाचे सहा? मुंबई व मद्रास यांच्या स्थानिक वेळांत सुमारे अर्ध्या तासाचा फरक होता आणि रेल्वे मद्रासची वेळ पाळत असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा कुठे आपले उदाहरण निःसंदिग्ध झाले.

आता फळ्यावरच्या गाड्यांकडे येतो. पहिल्या गाडीचा काळ क्ष तास मानला तर दुसरीचा किती? माझ्या अनुभवात वर्गातील निम्मी मुले ‘क्ष अधिक २’ लिहितात. चूक गणिताची नाही, भाषेची आहे. ‘दोन तासांनंतर निघाली’ यातील ‘नंतर’ मुलाला बेरजेकडे ओढतो. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शिकवणीत इंग्रजी ऐकणाऱ्या आपल्या मुलांत मी हे अधिक पाहिले. सूत्र पुन्हा पुन्हा घोकवून ते सुधारत नाही, हे शिकायला मला दहा-बारा वर्षे लागली.

एकदा आठवीतली एक मुलगी अशीच अडली. मी तिला म्हटले, ‘‘बाळ, खडू ठेव. तू भोपाळच्या गाडीत बसलीस आणि तुझा मामा नागपूरच्या. घड्याळात १० वाजले. मामा किती वेळ गाडीत आहे?’’ ‘‘चार तास, सर.’’ ‘‘आणि तू?’’ ती थांबली, हसली आणि काही न बोलता अधिकचे चिन्ह पुसून वजाचे केले. पुढचे तिचे तिनेच केले. ६० क्ष अधिक ७५ गुणिले (क्ष वजा २) बरोबर ३९०. १३५ क्ष बरोबर ५४०. क्ष बरोबर ४. मी सहज विचारलेले दहा हेच उत्तर निघाले, म्हणून तिला माझ्यावर थोडा संशयही आला. मग तिला आर्यभटांची रीत दाखवली. आठ वाजेपर्यंत मामाची गाडी १२० किलोमीटर आली, राहिले २७०, त्यांना १३५ ने भागले की दोन तास, म्हणजे दहाच वाजता. भेट नागपूरपासून २४० किलोमीटरांवर. बैतूल मागे टाकून इटारसी यायच्या आत, सातपुड्याच्या डोंगरात.

‘‘तिथे गाडी थांबते का, सर?’’ तिने विचारले. उदाहरणात ते दिलेले नव्हते.