पीसीओएस : एका नावाचा इतिहास

नाव दिलं की वस्तू कळली, असं आपल्याला वाटतं. आज त्याचं वैद्यकातलं एक उदाहरण घेऊ.

१९३५ साली शिकागोच्या मायकेल रीस रुग्णालयातल्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पाळी बंद, काहींच्या अंगावर राठ केस. अंडाशय मोठे, जाड आवरणाचे आणि आत लहान लहान पाण्याच्या पिशव्या. त्यांचा तर्क सरळ होता : आवरण जाड, म्हणून बीज बाहेर पडत नाही. मग त्यांनी दोन्ही अंडाशयांचा पाचरीसारखा मोठा तुकडा कापून काढला. आणि बरं का, सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले! इथे आपण तत्त्वज्ञानवाल्यांनी कान टवकारायचे. उपाय लागू पडला म्हणून कारण बरोबर ठरतं का? नाही ठरत.

पुढे उलगडलं ते वेगळंच. वाढत्या बीजाभोवती पेशींचे थर असतात. बाहेरच्या थीका पेशी एलएच या संप्रेरकाच्या सांगण्यावरून अँड्रोजन बनवतात. त्याला पुरुषी म्हणायची आपली सवय, पण ते प्रत्येक स्त्रीत असतंच. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या जोरावर त्याचं इस्ट्रोजेन करतात. या विकारात एलएच बऱ्याचदा जास्त, थीका पेशी अतिउत्साही, आणि बीजपुटिका काही मिलिमीटरवरच वाढायच्या थांबतात. त्या 'गाठी' म्हणजे ह्याच अडलेल्या पुटिका. पाचर कापली तेव्हा अँड्रोजन बनवणारा भागच कमी झाला, असा अर्थ आज लावतात. १९८० मध्ये इन्सुलिनचा धागा हाती आला : रक्तात वाढलेलं इन्सुलिनही थीका पेशींना चिथावतं. म्हणजे प्रकरण अंडाशयापुरतं राहिलंच नाही.

२००३ च्या रॉटरडॅम बैठकीने निदानाला तीनपैकी दोन गोष्टी पुरेशा मानल्या : बीज वेळेवर न सुटणं, अँड्रोजन जास्त असणं, सोनोग्राफीत दिसणारं ते रूप. हिशेब करून बघा, नावात जे आहे ते अंडाशयात नसलं तरी चालतं! २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी नाव बदला असंच सुचवलं.

पाचरीची शस्त्रक्रिया मागे पडली. नंतर आतले भाग एकमेकांना चिकटून गर्भधारणेलाच अडथळा व्हायचा, आणि १९६० च्या दशकात क्लोमिफीनच्या गोळ्याही आल्या. शब्द मात्र राहिला. आपल्याकडे विशीतली मुलगी सोनोग्राफीचा कागद घेऊन येते, घरात 'गाठी' हा शब्द फिरतो आणि पहिला प्रश्न येतो तो लग्नाचा, मुलांचा. खरं तर उपचारांनी पुष्कळ जणींना मूल होतं. पण मधुमेहाचा धोका, जो त्या नावात कुठेच नाही, त्याची तपासणी राहून जाते.