लहान युद्धनौकेवर मोठी तोफ का नसते?

आमच्या टोकावड्याहून माळशेज घाट जवळ, समुद्र लांब. तरी गावी गेलो की भाचा हमखास विचारतो, "मामा, छोट्या नौकेवर मोठी तोफ का नाही बसवत?"

कारण दोन: वजन आणि धक्का. गोळा पुढे सुटतो तेव्हा तोफ मागे ढकलली जाते. वर जड तोफ असली की लहान नौकेचा तोल बिघडतो आणि आडव्या धक्क्याने ती जास्त हेलकावते.

मराठा आरमाराने यावर तोफेच्या जागेतून उपाय काढला. गुराबेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, ९ ते १२ पौंडी दोन तोफा असत, बाजूंना हलक्या. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत. मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा कडेला, म्हणून त्याच्या पिछाडीला राहून मारा करायचा. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' जहाज असंच पकडलं.

४ डिसेंबर १९७१ ला कराचीवर गेलेल्या आपल्या क्षेपणास्त्र नौका जेमतेम ४० मीटर लांबीच्या होत्या. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रं आणि जवळच्या बचावासाठी ३० मिलिमीटरच्या जोडनळीच्या तोफा. क्षेपणास्त्राचे वायू मागून मोकळे निघतात, त्यामुळे नौकेला तोफेसारखा धक्का बसत नाही. त्या रात्री 'निर्घात'ने 'खैबर' ही विनाशिका बुडवली.

हाच दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी एखादी लहान युद्धनौका बघायला मिळाली, तर आधी तोफ कुठे बसवली आहे ते पाहा.