स्पीड कॅमेरा : कारवाल्याला एक न्याय, मोटारसायकलवाल्याला दुसरा? नियम नेमका काय सांगतो, सविस्तर वाचा

छत्रपती संभाजीनगर : मोबाईलवर टिंग वाजतं, मेसेज उघडला की ई-चलान. मग गावात पारावर चर्चा सुरू होते. कारवाला म्हणतो, "हायवेवर कॅमेरा फक्त आम्हालाच धरतो, मोटारसायकलवाले नंबर प्लेट वाकवून भुर्रकन निघून जातात." मोटारसायकलवाला म्हणतो, "मोठ्या गाड्या वाऱ्यासारख्या जातात, त्यांना कोण अडवत नाही. चौकात पावती फाडायला मात्र आम्ही गरीबच सापडतो."

दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि थोडा गैरसमज. कन्नड, सिल्लोड, पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्री, खुलताबाद, सोयगाव या तालुक्यांतून रोज हजारो लोक दूध, भाजीपाला, कॉलेज, कंपनी, कोर्टकचेरीसाठी शहरात येतात. त्यांच्यासाठी कायदा, कॅमेरा आणि दंड यांची ही माहिती.

वेगमर्यादा दोघांना सारखी नाही

पहिला गैरसमज इथंच होतो. पुढं कार ८५ च्या वेगानं चालली, मागं मोटारसायकलही ८५ नं चालली, तर कार नियमात असू शकते आणि मोटारसायकल नियमाबाहेर. केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादा (ताशी किलोमीटर) अशा :

- मधोमध दुभाजक असलेला चौपदरी रस्ता : कार १००, मोटारसायकल ८०, मालवाहू गाडी ८०
- महापालिका, नगरपालिका हद्द : कार ७०, मोटारसायकल ६०, मालवाहू गाडी ६०
- इतर रस्ते (म्हणजे आपले बहुतेक तालुक्याचे रस्ते) : कार ७०, मोटारसायकल ६०, मालवाहू गाडी ६०
- तीनचाकी रिक्षा : या तिन्ही ठिकाणी ५०

या झाल्या जास्तीत जास्त मर्यादा. घाट, वळण, शाळा, गावठाण, पूल अशा ठिकाणी त्या कमी करता येतात. पण कमी केल्या तर तसा फलक लावावा लागतो. त्यामुळं "हायवे आहे, ८० चालतं" असं गृहीत धरू नये. फलकावर ४० लिहिलं असेल तर ४० च.

समृद्धी महामार्गाची गोष्ट वेगळी आहे. सावंगी, माळीवाडा, जांबरगाव इथून समृद्धीवर चढता येतं. तिथं कारला १२० पर्यंत परवानगी आहे, मोटारसायकल आणि रिक्षाला मात्र प्रवेशच नाही. म्हणजे समृद्धीवर कॅमेऱ्यात फक्त चारचाकी आणि त्यापुढच्याच गाड्या सापडणार. यात भेदभाव नाही, तिथं दुचाकी असायलाच नको.

नंबर दिसतो कोणाचा?

कारवाल्याची तक्रार मुख्यतः इथं आहे, आणि ती खोटी नाही. काही देशांत मोटारसायकलला फक्त मागंच नंबर प्लेट असते, म्हणून समोरून फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यातून ती सुटते. आपल्याकडं तसं नाही. दुचाकीला पुढं आणि मागं दोन्हीकडं प्लेट सक्तीची आहे.

पण आकारात मोठा फरक आहे. कारच्या प्लेटवरची अक्षरं आणि आकडे ६५ मिलिमीटर उंच असावे लागतात. मोटारसायकलच्या पुढच्या प्लेटवर ते फक्त ३० मिलिमीटर, आणि मागं अक्षरं ३५ व आकडे ४० मिलिमीटर. म्हणजे मोटारसायकलचा पुढचा नंबर कारच्या निम्म्याहून लहान. त्यात प्लेटवर चिखल, वाकलेलं मडगार्ड, पुढं लटकवलेल्या पिशव्या. कॅमेऱ्यामागचं कॉम्प्युटर नंबर वाचून चलान तयार करतं. नंबर वाचता आला नाही तर चलान कोणाच्या नावावर काढणार?

यासाठीच सरकारनं हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (एचएसआरपी) सक्तीची केली. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बसवावी लागते. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि कार व इतर गाड्यांना ७४५ रुपये अधिक जीएसटी असे दर जाहीर झाले होते. सगळ्या एमएच २० गाड्यांना सारखी, वाचता येणारी प्लेट लागली तर कारवाल्याची अर्धी तक्रार तिथंच मिटेल.

कॅमेरा निवडत नाही, माणूस निवडतो

वेग मोजायच्या मुख्य पद्धती तीन आहेत.

पहिली, खांबावरचा कायमचा कॅमेरा. तो समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा वेग मोजतो. गाडी कोणाची, आत कोण बसलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

दुसरी, दोन ठिकाणांमधला सरासरी वेग. पहिल्या कॅमेऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत गाडी किती वेळात पोहोचली यावरून हिशेब होतो. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर जुलै २०२४ पासून अशी यंत्रणा सुरू झाली. कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा आणि पुढं परत पळायचं, ही युक्ती तिथं चालत नाही.

तिसरी, रस्त्याकडेला उभी असलेली इंटरसेप्टर गाडी. त्यात लेझर स्पीड गन असते. ही गन एका वेळी एकाच गाडीवर धरावी लागते आणि कोणावर धरायची हे गन चालवणारा ठरवतो. कारचा पुढचा भाग रुंद आणि चपटा, त्यामुळं लेझर लांबूनही नीट परत येतो. मोटारसायकल बारीक, त्यात रांगेतून वाट काढत येते. त्यामुळं हायवेवर कार जास्त सापडते.

चौकात उलटं होतं. तिथं वेगाचा प्रश्नच नाही. हेल्मेट, ट्रिपल सीट, सिग्नल, नंबर प्लेट हे डोळ्यांना लगेच दिसतं. कारमधल्यानं सीट बेल्ट लावला नसेल किंवा काच काळी असेल तर ते तेवढं पटकन दिसत नाही. त्यामुळं चौकात मोटारसायकल जास्त सापडते. थोडक्यात, एकाला हायवे नडतो, दुसऱ्याला चौक.

म्हणून गाड्या अडवून तपासण्यापेक्षा कायमचा कॅमेरा बरा, असं म्हणण्यात अर्थ आहे. यामागं सुरक्षेचंही कारण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूर तालुक्यात जांबरगावजवळ समृद्धीवर थांबलेल्या ट्रकवर मागून मिनीबस आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. तो ट्रक आरटीओच्या पथकानं थांबवल्याचं समोर आलं आणि दोन अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला होता. कॅमेऱ्याला भर रस्त्यात गाडी उभी करायला लावावी लागत नाही.

दंड किती, आणि तो कोणाला जड

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली वेगाचा दंड आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दरानुसार मर्यादेपेक्षा जास्त वेगासाठी दुचाकीला १,००० रुपये, कारला २,००० रुपये आणि जड वाहनाला ४,००० रुपये. हेल्मेट नसेल तर कलम १९४-डी मध्ये १,००० रुपये दंड आणि ३ महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे.

कागदावर कारवाल्याला दुप्पट दंड आहे. पण रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये धरली होती. म्हणजे मोटारसायकलवाल्या मजुराचा हजाराचा दंड म्हणजे तीन दिवसांच्या वर राबणं. दोन हजार भरणाऱ्या कारवाल्याला एवढी झळ बसतेच असं नाही. फिनलंडसारख्या देशात मोठ्या वेगाचा दंड माणसाच्या कमाईवर ठरतो. आपल्या कायद्यात तशी सोय नाही, गाडीच्या प्रकारावर दंड ठरतो.

पण मरतंय कोण?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. कार, टॅक्सी आणि हलक्या गाड्यांतले १२.५ टक्के. दर १०० मृत्यूंत सुमारे ७१ ठिकाणी कारण जास्त वेग हेच नोंदवलं गेलं. हेल्मेट नसलेले ५० हजारांवर लोक त्या एका वर्षात गेले. आणि १०० पैकी ६८ मृत्यू ग्रामीण भागात झाले.

म्हणून मोटारसायकलची मर्यादा कारपेक्षा कमी ठेवली यात अन्याय नाही. कारवाल्याभोवती पत्रा, बेल्ट, एअरबॅग असते. मोटारसायकलवाल्याभोवती फक्त हवा. मात्र याची दुसरी बाजूही आहे. मोटारसायकलला कार धडकली तर चूक कोणाचीही असो, जीव बहुधा मोटारसायकलवाल्याचाच जातो. म्हणून तालुक्याच्या अरुंद रस्त्यांवर कारचा वेग मोजणं हेही मोटारसायकलवाल्याच्याच फायद्याचं आहे.

कॅमेऱ्यालाही नियम आहेत

हे फार कमी लोकांना माहीत आहे. कलम १३६-ए आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-ए नुसार :

- कॅमेरा, स्पीड गन यांना मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवीन करून घ्यावं लागतं.
- जिथं यंत्रणा आहे तिथं वाहनचालकांना दिसेल असा सूचना फलक हवा.
- चलानासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, यंत्रानं मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम हवं.
- गुन्हा झाल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची.

अशी यंत्रणा कोणत्या शहरांत बसवायची त्या १३२ शहरांच्या यादीत आपलं शहरही आहे आणि जालनाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०२४ मध्ये राज्यांना हे कलम राबवायला सांगितलं आहे.

मोंढ्यात कापूस, मका मोजताना काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे का, हे शेतकरी बघतो. तसाच नियम आता रडार स्पीड गनला आला आहे. १ जुलै २०२५ पासून वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांना वैधमापनची पडताळणी आणि शिक्का सक्तीचा झाला. काटा खोटा असेल तर माल कमी भरतो, गन खोटी असेल तर दंड जास्त भरतो.

आणखी एक. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून नंतर चलान टाकायचं नाही, असे आदेश जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयानं दिले. आणि कायदा राबवणाऱ्यानंच नियम मोडला तर कलम २१०-बी नुसार त्याला दुप्पट दंड आहे.

चलान आलं तर काय करायचं

१. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकून चलान बघावं. फोटो नीट बघा. गाडी आपलीच आहे का, नंबर बरोबर वाचलाय का, ठिकाण बरोबर आहे का?

२. चूक वाटली तर तिथंच तक्रार नोंदवता येते. फोटोचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. तक्रारीनं काम झालं नाही तर कोर्टात बाजू मांडायचा हक्क आहे. लोक अदालतीतही ही प्रकरणं ठेवली जातात.

३. गाडी दुसऱ्यानं नेली असेल तर चलान मालकाच्याच नावावर येतं. कलम १३३ नुसार गाडी कोण चालवत होतं हे विचारलं तर सांगणं मालकावर बंधनकारक आहे.

४. मोटारसायकल विकली, बाँडवर लिहून दिलं, पण नावावर केलीच नाही, असं गावोगाव होतं. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललं नाही तर घेणाऱ्याचा वेग आणि दंड विकणाऱ्याच्या माथी. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही कागदावरच्या मालकावर येऊ शकते.

५. व्हॉट्सॲपवर "तुमचं चलान" म्हणून एपीके फाईल आली तर उघडू नका. सरकार चलानासाठी अशी फाईल पाठवत नाही. ती उघडली की बँक खातं रिकामं होऊ शकतं. खरं चलान बघायचं संकेतस्थळ गव्ह डॉट इन नं संपतं.

मग न्याय कशात?

वेगमर्यादा वेगळी असणं हा अन्याय नाही. अन्याय होतो तो एकाचा नंबर वाचता येतो आणि दुसऱ्याचा येत नाही तेव्हा. हायवेवर फक्त कारवर गन आणि चौकात फक्त मोटारसायकलवर नजर असते तेव्हा. फलक नसतो, फोटो पुसट असतो आणि दाद मागायची कुठं हे माहीत नसतं तेव्हा.

त्यावर उपाय फार अवघड नाहीत. सगळ्या गाड्यांना वाचता येणारी प्लेट, यंत्राला शिक्का, रस्त्याला फलक आणि चलानाला स्पष्ट फोटो. एवढं झालं तर कॅमेरा कोणाचाच दुश्मन राहत नाही. तोवर आपला फोटो आपण बघावा, आपला नंबर साफ ठेवावा, आणि गावात शिरताना वेग कमी करावा. कॅमेरा असो वा नसो, रस्त्यावर आपलीच पोरं असतात.