मालवण किनाऱ्यावरील मद्यनामे

मद्याला भूमीचे नाव केव्हा मिळते, या प्रश्नाचा विचार फ्रान्समधील बोर्दो प्रांतापासून करणे सोयीचे होईल. तेथील पोंताक घराण्याच्या ‘ओ-ब्रियाँ’ मळ्यातील तांबड्या द्राक्षमद्याची नोंद सॅम्युएल पीप्स याने १६६३ साली लंडनमध्ये आपल्या रोजनिशीत केली. १८५५ च्या प्रतवारीत याच मळ्याला पहिल्या श्रेणीत स्थान मिळाले. भूमी एका घराण्याची, माल टिकाऊ आणि गिऱ्हाईक दूरचे. यांमुळे मळ्याचे नाव हीच मद्याची ओळख झाली.

मालवण किनाऱ्यावरील शब्द निराळी साक्ष देतात. ‘माडी’ हा शब्द माडावरून आला. ‘काजू’ हा ब्राझीलमधील तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या द्वारे येथे पोहोचला. ‘उर्राक’ याचे मूळ अरबी ‘अरक’, म्हणजे घाम किंवा पाझर; ‘फेणी’चे नाते फेसाशी. या नावांत झाड आहे, कृती आहे. परंतु गाव किंवा घराणे नाही.

माडी उतरल्यापासून काही तासांतच आंबते, म्हणून ती दूरच्या बाजारात जात नसे, हे याचे एक कारण होय. दुसरे कारण मालकीचे. पोय बांधून व छेदून रस काढण्याचे कसब भंडारी कुटुंबांत पिढ्यानुपिढ्या चालत आले. मात्र माड पुष्कळदा दुसऱ्याच्या बागेतला असे. गोव्यात माडी काढणाऱ्यास ‘रेंदेर’ म्हणतात. ज्या पोर्तुगीज शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ खंडकरी असा आहे. वारसा होता तो कसबाचा, भूमीचा नव्हे.

कायद्याने हा भेद अधिकच दृढ केला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यान्वये परवान्यावाचून माडी काढणे गुन्हा ठरले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलासुरला धंदाही आक्रसला. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असल्यामुळे या दोन्ही कायद्यांच्या कक्षेबाहेर राहिला. तेथील काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. पुढे सिंधुदुर्गातही ‘वेंगुर्ला काजू’ला असे संरक्षण लाभले, पण ते बीला, बोंडूच्या रसाला नव्हे.

तात्पर्य, स्थलनामाचा मान केवळ गुणावर मिळत नाही. मालकी, बाजारपेठ आणि कायदा ही तिन्ही अनुकूल असावी लागतात. भंडाऱ्याच्या कसबाला यांपैकी एकाचाही आधार लाभला नाही. म्हणूनच त्याचा इतिहास लेखांइतकाच या शब्दांतही शोधावा लागतो.